बारदान, नदी आणि मासा

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे काही लिहिले ते उधारी, आडत, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि डाळींच्या भावातील चढउतार यांपलीकडे कधी गेले नाही. यंदा मात्र विषय माशांचा आहे. हे कळताच संपादक मंडळातील एका स्नेह्यांनी, "शेठजी, प्रकृती ठीक आहे ना?" असे हसत हसत विचारले. त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू होता असे नाही. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजलेला नाही, आणि आमच्या पेढीवरून कोळ्याच्या जाळ्यासाठी सुतळीचा तोडाही कधी विकला गेलेला नाही. ज्याच्याशी आपला खाण्याचा वा विकण्याचा संबंध नाही त्याची उठाठेव आपण कशासाठी करावी, असे कोणासही वाटेल. परंतु संबंध आहे, आणि तो आमच्यापुरता थोडा लाजिरवाणा आहे. म्हणूनच लिहावयास बसलो.

गोष्टीचा आरंभ दिवाळीत झाला. वहीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही जुन्या खातेवह्या कपाटातून काढून झटकीत होतो. धाकट्या बंधूंची कन्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते; ती सुटीत घरी आली होती. तीर्थरूपांच्या हातची १९५८ सालची वही पाहून तिने विचारले, "काका, एवढ्या जुन्या वह्या ठेवून काय करता?" आम्ही सांगितले, "बाळ, भांडण निघाले म्हणजे जुनी वहीच साक्ष देते." तेव्हा ती म्हणाली, "मग शिकागोला माशांची अशीच वही आहे, ती तुम्हांला सांगायला हवी."

शिकागो हे नाव धान्याच्या व्यापाऱ्यास परके नाही. १८४८ साली तेथे धान्य व्यापाऱ्यांनी जो सौदेबाजार स्थापन केला, त्यातील गहू व मका यांचे भाव आजही सगळ्या जगाच्या कानावर असतात. जैन समाजास तर ते त्याहूनही जवळचे. १८९३ च्या सप्टेंबरात तेथे सर्वधर्मपरिषद भरली, तेव्हा आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी यांस समुद्रपर्यटन निषिद्ध असल्यामुळे त्यांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी हे अवघ्या एकोणतीस वर्षांचे गृहस्थ गेले आणि त्यांनी परदेशी श्रोत्यांपुढे जैन धर्माची बाजू मांडली. ही परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्या प्रदर्शनातील वस्तू जपून ठेवण्यासाठी त्याच वर्षी त्या शहरात एका वस्तुसंग्रहालयाची स्थापना झाली. त्यास दहा लक्ष डॉलरांची देणगी दिली ती मार्शल फील्ड या कापडाच्या व्यापाऱ्याने. प्रथम हे गृहस्थ देणगीस राजी नव्हते. एडवर्ड एयर नावाच्या स्नेह्याने त्यांची समजूत घातली. (देणगी मिळविण्याची रीत सगळीकडे सारखीच दिसते.) पुढे १९०५ साली त्या संग्रहालयास फील्ड यांचेच नाव देण्यात आले.

या फील्ड संग्रहालयात इतर असंख्य वस्तूंबरोबर मासेही आहेत. शिकागोच्या परिसरातील नद्या, ओढे व तळी यांतून वेळोवेळी पकडलेले मासे काचेच्या बरण्यांत मद्यार्कात बुडवून, कोणत्या साली व कोठे सापडले याची चिठ्ठी लावून ठेविलेले आहेत. ते जमविणाऱ्यांच्या मनात प्लास्टिकचा विचार असणे शक्यच नव्हते. त्यांना केवळ माशांच्या जातींची नोंद हवी होती. २०२१ साली लॉयोला विद्यापीठातील प्राध्यापक टिमथी होलाईन, त्यांची विद्यार्थिनी लॉरेन हाऊ आणि संग्रहालयातील मत्स्यतज्ज्ञ केलेब मॅकमेहन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या बरण्या उघडून केलेल्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अलीकडच्या काळापर्यंतचे, चार जातींचे, दर दशकातील काही मासे त्यांनी घेतले. त्यांची आतडी काढून ती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेविली. त्या द्रावणात फेस येऊन मांस, अन्न, शेवाळ, जे काही जिवंत सृष्टीतले ते सर्व विरघळून जाते. प्लास्टिक तेवढे विरघळत नाही. मग जो गाळ उरला तो सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी तंतू मोजले.

शतकाच्या पूर्वार्धातील माशांच्या पोटात प्लास्टिकचा एकही कण सापडला नाही. १९५० नंतरच्या माशांत ते दिसू लागले, आणि त्यापुढे दशकामागून दशक त्यांची संख्या चढतच गेली. सापडलेल्यांपैकी बहुतेक तंतू होते. म्हणजे कापडाचे, दोराचे, विणलेल्या वस्तूंचे धागे.

हे ऐकून आम्ही हातातील १९५८ सालची वही खाली ठेविली. आमचा जन्म त्यानंतर थोड्याच वर्षांनी झाला. माशाच्या पोटातील तंतूंची खतावणी आणि आमच्या आयुष्याची खतावणी जवळजवळ एकाच काळात उघडली गेली आहे, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

ज्या वाचकांस हा विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिक कुजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होते, घासून झिजते आणि त्याचे तुकड्यांचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांस शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन यांनी २००४ साली समुद्रकाठच्या वाळूतील अशा कणांविषयी निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. १९५० साली सर्व जगात मिळून सुमारे वीस लक्ष टन प्लास्टिक तयार होत असे. २०१५ साली ते अडतीस कोटी टनांवर गेले. समुद्राचा बोभाटा फार झाला. परंतु समुद्रात जाणारा माल बहुधा नदीच्या मार्गाने जातो, आणि गोड्या पाण्यातील मासा त्या मार्गावरच राहतो. असे कण पोटात गेल्याने माशांच्या आतड्यांत बिघाड होतो व त्यांच्या शरीरावर ताण पडतो, असे प्रयोगांत आढळले आहे. लंडनच्या थेम्स नदीत रोच जातीचे मासे तपासले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश माशांच्या पोटात हे कण मिळाले; तो निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या देशाकडे पाहू. २०१९ साली पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर गंगेच्या दहा ठिकाणांहून पाण्याचे १२० नमुने घेण्यात आले. त्यावरून शास्त्रज्ञांनी असा अंदाज बांधला की गंगा, तिला मिळणाऱ्या ब्रह्मपुत्रा व मेघना यांसह, दररोज एक ते तीन अब्ज सूक्ष्म कण बंगालच्या उपसागरात सोडीत असावी. त्या कणांतही शेकडा ९१ तंतूच होते. आमच्या गोव्याच्या सभासदांस सांगावयास हरकत नाही की हरिद्वार, कानपूर व वाराणसी येथील गंगेच्या पाण्याची अशीच एक तपासणी २०२१ साली त्यांच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने झाली, आणि तिन्ही ठिकाणी हे कण सापडले.

आता आमच्या पदरच्या गोष्टीकडे वळतो.

तीर्थरूपांच्या काळी धान्य तागाच्या पोत्यातच येत असे. बारदानाचा हिशेब वेगळा, बारदानाची वजावट वेगळी, आणि फाटलेले पोते फेकून देणे हा तर अपराध. रविवार पेठेत दाभण-सुतळी घेऊन पोती सांधणाऱ्या बाया दुपारभर बसलेल्या असत. एकच पोते तांदूळ, मग जोंधळे, मग पेंड असे उतरत्या क्रमाने पाच-सात वर्षे चाले, शेवटी पायपुसणे होई, आणि त्यानंतर परसात कुजून माती होई. हमालाचा आकडा पोत्यात घुसला तरी ताग पुन्हा आवळून घेई. चार दाणेही सांडत नसत.

मग प्लास्टिकच्या पट्ट्यांचे विणलेले पोते आले. ते पॉलिप्रॉपिलिन नावाच्या द्रव्याचे असते. इटलीतील ज्युलिओ नाट्टा यांनी ते १९५४ साली तयार केले आणि पुढे १९६३ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पन्नास किलोचे तागाचे पोते अर्ध्या किलोहून अधिक भरते. हे पोते त्याच्या चौथाईनेही भरत नाही. किंमत कमी, भाडे कमी, पावसात भिजण्याचे भय कमी, उंदरास ते तितकेसे प्रिय नाही, वर रंगीत छाप उठून दिसते. आमच्या पेठेत ज्या पेढ्यांनी हे पोते प्रथम स्वीकारले त्यांत आमची एक होती. आम्ही त्या वेळी चार जणांस मोठ्या दिमाखाने हिशेब करून दाखविला होता, हेही कबूल केले पाहिजे. तागाच्या धंद्यावर संकट आले म्हणून सरकारने १९८७ साली ताग आवेष्टन कायदा केला, तेव्हा आम्ही त्याची थट्टा केली. आजही त्या कायद्यान्वये धान्य तागात व साखरेचा पाचवा हिस्सा तागात भरण्याचे आदेश निघतात. सरकारी खरेदीचे धान्य तागाच्या पोत्यात येते. खाजगी बाजारात काय चालते ते ज्याने त्याने आपल्या वखारीत जाऊन पाहावे.

प्लास्टिकच्या पोत्यात आकडा घुसला की पट्टी तुटते, आणि एक तुटली की शेजारच्या दहा सुटतात. ते सांधता येत नाही. सांधण्याइतकी त्याची किंमतही नाही. आमच्या वखारीच्या मागे अशा फाटक्या पोत्यांचा ढीग कित्येक वर्षे पडून होता. कधी तरी भंगारवाल्यास देऊ, असे म्हणत दिवस गेले. दोन उन्हाळे खाल्लेले पोते हातात घेतले की त्याचा भुगा होतो. पांढरे चकचकीत तंतू बोटांस चिकटतात आणि झटकले तरी जात नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावास जो महापूर आला त्यात आमच्या वखारीच्या आवारात कमरेइतके पाणी शिरले. आत किती क्विंटल तांदूळ भिजला याचा पंचनामा आम्ही लगोलग करून घेतला. पाणी ओसरल्यावर मागे गेलो तो ढीग नाहीसा झालेला. खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आम्हांस बरेच वाटले. आपसूक साफसफाई झाली, असे चिरंजीवांस म्हणालोही होतो.

इंग्लंडातील मँचेस्टर शहराभोवतालच्या दहा नद्यांच्या तळातील गाळ तेथील संशोधकांनी २०१५ च्या हिवाळ्यातील पुरापूर्वी व पुरानंतर तपासला. पुराने तळातील सुमारे शेकडा सत्तर सूक्ष्म प्लास्टिक वाहून नेले होते, असे त्यांना आढळले. पुतणीने हे वाचून दाखविले तेव्हा आम्हांस आमच्या नाहीशा झालेल्या ढिगाची आठवण झाली. आमच्या शहराचे पाणी बळ्ळारी नाल्याने मार्कंडेय नदीकडे जाते. मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेस मिळते. घटप्रभा पुढे कृष्णेस. शहराच्या वरच्या अंगास राकसकोपचा तलाव आहे, तेथले पाणी आपण पितो. आपण वापरलेले पाणी खालच्या गावांकडे जाते. तेथले मासे आमच्या पोत्यावर छापलेले नाव वाचू शकत नाहीत, एवढीच काय ती आमची अब्रू शाबूत राहिली आहे.

येथे धर्माचा थोडा उल्लेख करणे भाग आहे. आमच्या मातोश्री विहिरीचे पाणी दुपदरी जाड कापडातून गाळीत, आणि ते गाळणे उलटे करून, वर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीच्या पाण्यात अलगद सोडीत. दुसऱ्या विहिरीतही नव्हे. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवासाठी एवढे श्रम घेणाऱ्या घरातून, डोळ्यांस न दिसणारा प्लास्टिकचा तंतू मणावारी नाल्यास गेला. आम्ही मासा मारीत नाही, खात नाही, विकीत नाही, असे म्हणून मोकळे होता येईल. पण जे घास आपण त्याच्या पाण्यात टाकले ते त्याने खाल्ले, त्याचा हिशेब कोणत्या खाती मांडावयाचा? पर्वकाळी तीर्थाच्या ठिकाणी कणकेच्या गोळ्या माशांना घालणारे आपले कित्येक बंधू आम्ही पाहिले आहेत. गोळ्या संपल्या की प्लास्टिकची पिशवी तेथेच पायरीवर राहते. आणखी एक गंमत अशी, की आता घरोघरी गाळण्याचे कापडही निम्मे कृत्रिम धाग्याचे आलेले आहे. ते पाणी गाळता गाळता स्वतःच तंतू सोडते. घरातील मंडळींनी आमचे हे बोलणे ऐकताच कपाटातील सर्व गाळणी तपासून तीन बाहेर काढली.

याविषयी आम्ही पेठेत बोलू लागलो तेव्हा नाना तऱ्हेची उत्तरे मिळाली. एका कापड व्यापारी मित्रांनी आम्हांसच सुनावले की पोत्यापेक्षा साडी अधिक तंतू सोडते. त्यांचे म्हणणे खरे आहे. प्लिमथ विद्यापीठानेच २०१६ साली मोजून सांगितले की सहा किलो कृत्रिम कपडे यंत्रात एकदा धुतले तर सात लाखांपर्यंत तंतू निघू शकतात. सुती मिश्रण असेल तर पुष्कळ कमी. त्यांनी पॉलिएस्टरचा विचार करावा, आम्ही बारदानाचा करतो. एकाने दुसऱ्याचा दाखला देऊन दोघांनीही स्वस्थ बसावे हे काही बरे नव्हे. एका हुंडेकऱ्याने टायरांची झीज काढली. तेही खोटे नाही; अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसाने ओढ्यांत धुऊन गेलेल्या टायरच्या रबरातील एका रसायनाने कोहो जातीचे सामन मासे मरतात, हे अलीकडे सिद्ध झाले आहे. परंतु मालमोटारीस तागाची चाके लावता येत नाहीत. धान्यास तागाचे पोते लावता येते.

सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र झाले की सर्व प्रश्न मिटेल, असे एक गृहस्थ म्हणाले. केंद्र अवश्य व्हावे, ते पुष्कळसे कण अडविते. पण त्याच शिकागो शहरातील एका कालव्यात २०१४ साली तपासणी झाली, तेव्हा शुद्धीकरण केंद्राच्या वरच्या अंगापेक्षा खालच्या अंगास कणांची संख्या कित्येक पटींनी अधिक भरली.

आमच्या चिरंजीवांचा आक्षेप मात्र सरळ व्यापारी होता, आणि त्यास आम्ही अधिक मान देतो. ते म्हणाले, "आप्पा, तागाच्या पोत्याचा खर्च आपण सोसायचा आणि शेजारचा दुकानदार प्लास्टिकमध्ये दोन रुपये कमी भावाने माल देणार. गिऱ्हाईक कोणाकडे जाईल?" हा प्रश्न एका पेढीने सुटणारा नाही हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच तो संघापुढे आणीत आहोत. जेव्हा सर्वांनी एकाच दिवसापासून एक रीत धरावयाची असते तेव्हाच संघाचा उपयोग. नुसत्या सहली आणि सत्कार यांसाठी संघाची गरज नाही. इलिनॉय राज्याने, म्हणजे ज्यात शिकागो आहे त्यानेच, साबण व दंतमंजनातील प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर अमेरिकेत सर्वांत प्रथम २०१४ साली बंदी घातली. पुढल्याच वर्षी सर्व देशाने तसा कायदा केला. तेव्हा कारखानदारांनी माल बदलला. कोणाचे दिवाळे वाजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे बंदीचे कायदे कमी नाहीत. कर्नाटक राज्याने २०१६ साली पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१८ साली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून पेले, काटेचमचे, नळ्या वगैरे एकदाच वापरावयाच्या कित्येक वस्तू बंद केल्या, आणि त्याच वर्षअखेरपासून पिशवी १२० मायक्रॉनहून पातळ नसावी असे ठरविले. किरकोळ दुकानदाराच्या काउंटरवरील पिशवी पकडली जाते आणि त्याला दंड होतो. आमच्या वखारीतील हजार पोत्यांकडे कोणी निरीक्षक मान वळवूनही पाहत नाही. आम्ही घाऊक व्यापारी आहोत. आमचा कचराही घाऊक आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही असा ठराव मांडणार आहोत. सभासद पेढ्यांनी आपसातील व्यवहारात तांदूळ, गहू, जोंधळा व डाळी यांचा माल तागाच्या पोत्यातच घ्यावा-द्यावा, आणि बारदानाची किंमत पूर्वीप्रमाणे बिलात वेगळी दाखवून पोते परत आल्यास ती वळती करावी. जुन्या लोकांस ही रीत ठाऊक आहे. नव्यांस आठ दिवसांत कळेल. जेथे प्लास्टिकचे पोते टाळता येत नाही, म्हणजे साखर, मीठ व पशुखाद्य यांत, तेथे रिकामे पोते फाटलेले असले तरी विकणाऱ्या पेढीने पैसे देऊन परत घ्यावे, ते छताखाली कोरड्या जागी ठेवावे आणि महिन्याच्या महिन्यास पुनर्निर्मितीच्या कारखान्याकडे वजनावर पाठवावे. उघड्यावर ढीग नको, नाल्याकाठी नको, जाळणे तर मुळीच नको. हमाल बंधूंस प्लास्टिकच्या पोत्यास आकडा लावू नये असे सांगावे. मात्र त्याबद्दल मजुरीत जी थोडी वाढ ते मागतील ती द्यावी, कारण आकड्याशिवाय पोते उचलणे हे मानेचे काम आहे, हे आम्ही लहानपणी स्वतः करून पाहिले आहे.

तागाचे सर्वच गोड आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यास ओल धरते, घूस कुरतडते, कधी कधी तेलाचा वास धान्यास लागतो, आणि टंचाईच्या साली ते मिळतच नाही. खर्चाचा बोजा पडणार, हेही आम्ही लपवीत नाही. आमच्या पेढीचा हिशेब चिरंजीवांनी करून दिला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी दुकानी येऊन खुशाल पाहावा. त्यात नुकसानीचा आकडा आहे आणि तो आम्ही खोडलेला नाही.

ठराव संमत होवो वा न होवो, आमच्या पेढीवर गुढीपाडव्यापासून परत पोत्यास दीड रुपया देण्यास आरंभ केला आहे. पहिल्या आठवड्यात अकरा पोती आली आणि चिरंजीव हसले. मग नाल्यालगतच्या वस्तीतील मुलांस ही बातमी लागली. वैशाखाच्या अखेरीस एके दिवशी दोन मुले एक गठ्ठा ओढीत घेऊन आली. चिखलाने काळी झालेली, चिंध्या झालेली पोती. मोजली तेव्हा त्रेचाळीस भरली. त्यांपैकी सहांवर, धुतल्यानंतर, आमच्याच पेढीचे नाव निघाले. मुलांना पैसे देऊन आम्ही ती सहा पोती वेगळी काढून ठेविली आहेत. सभेच्या दिवशी बरोबर आणू.